फाटकापासून दारापर्यंत : वाटेवरच्या गिट्टीची निवड

खास प्रतिनिधी

कचारगड (जि. गोंदिया) : माघ पौर्णिमेच्या सुमारास दरेकसा स्थानकावर उतरणाऱ्या भाविकांची रीघ धनेगावमार्गे कचारगडाच्या दिशेने निघते. सालेकसा तालुक्यातील या डोंगरातील विशाल नैसर्गिक गुहा गोंडी समाजाचे श्रद्धास्थान आहे. या गुहेच्या तोंडावरची प्रचंड शिळा बाजूला सारून पारी कुपार लिंगो यांनी आत कोंडलेल्या मुलांची सुटका केली, अशी गोंडी परंपरा सांगते. एका दगडाने अडलेली वाट दगड हलताच मोकळी झाल्याची ही कथा ऐकत हजारो पावले येथे दरवर्षी दगडधोंडे तुडवीत वर चढतात.

डोंगर चढणाऱ्याला दगडाचा स्वभाव आधी पायाला कळतो आणि मग डोळ्याला. कड्यावरून निखळून पडलेला ताजा, कंगोरेदार दगड पायाखाली घट्ट बसतो. ओढ्याच्या पाण्याने घासून गुळगुळीत केलेला गोटा दिसायला देखणा असतो, पण पाय पडताच तो निसटतो. कोणत्याही डोंगरवाटेवर मिळणारा हा साधा अनुभव शहरात घर बांधताना मात्र आपण विसरतो. बंगला पूर्ण होतो, रंगरंगोटी होते आणि फाटकापासून पोर्चपर्यंतच्या वाटेवर काय पसरावे, हा प्रश्न शेवटी उरतो. तोवर पैसे आणि उत्साह दोन्ही संपत आलेले असतात. मग दुकानात मांडलेल्या नमुन्यांपैकी जो रंग डोळ्यांत भरेल तो दगड गोणीत भरून घरी येतो.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरीही हेच घडले. गोंदियातील घरासमोरच्या वाटेसाठी पांढरेशुभ्र गोल गोटे आणले, ते मुरुमावर थेट पसरले आणि दिवाळीत आल्यागेल्याने कौतुकही केले. पुढच्या पावसाळ्यात चाकोरीतले गोटे चिखलात बुडाले, उरलेले कडेला घरंगळले आणि श्रावणातल्या एका सकाळी तुळशीला पाणी घालून परतताना आईचा पाय त्यांवरून सरकला. मनगटाचे हाड मोडले. दगड विकणाऱ्याने फसवले नव्हते. आम्ही जे मागितले तेच त्याने दिले होते. चूक मागण्यातच होती. ती इतरांच्या हातून होऊ नये, यासाठी ही माहिती.

आधी आकार, मग रंग

पश्चिम महाराष्ट्रात जिला खडी म्हणतात तिलाच विदर्भात गिट्टी म्हणतात. बागकामाच्या दुकानात तीच निवडून, धुऊन आणि गोणीत भरून 'डेकोरेटिव्ह चिप्स' या नावाने मिळते. नाव कोणतेही असो, पहिला भेद एकच : दगड फोडलेला आहे की घासून गोल झालेला.

फोडलेल्या दगडाला कोन आणि कंगोरे असतात. वरून भार आला की एकाचा कंगोरा दुसऱ्याच्या खाचेत अडकतो आणि सगळा थर मिळून भार पेलतो. गोल गोट्यांमध्ये अशी पकड बसत नाही. भार येताच प्रत्येक गोटा बाजूला सरकतो. परिणामी चाकाखाली खळगे पडतात, स्कूटरचे हँडल डगमगते आणि म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो.

हे तत्त्व नवे नाही. स्कॉटिश अभियंता जॉन मॅकॅडम याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिस्टल परिसरातील रस्ते याच तत्त्वावर बांधले. त्याच्या रस्त्यासाठी हाताने फोडलेले, कोनदार आणि साधारण सारख्या मापाचे दगड लागत. सहा औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमपेक्षा जड दगड रस्त्यात नको, असा त्याचा आग्रह होता. अशा दगडांवरून गाड्या जितक्या जातील तितका थर अधिक घट्ट बसत जाई. आपल्याकडे खडी, मुरूम आणि पाणी यांचा थर रोलरने दाबून गावोगावचे रस्ते झाले, त्यांचे मूळही हेच आहे.

म्हणून जेथे चाक फिरणार तेथे फोडलेली, कोनदार गिट्टी घ्यावी. गोल गोट्यांना बंदी घालण्याचे कारण नाही. कुंड्यांभोवती, झाडाच्या आळ्यात किंवा पागोळ्या पडतात त्या पट्टीत ते शोभून दिसतात. तेथे त्यांच्यावर चाकही जात नाही आणि पाऊलही पडत नाही.

कोनदार गिट्टीतही एक दोष पाहावा लागतो. काही माल चपट्या, पातळ कपच्यांचा असतो. अशी कपची भाराखाली मोडते, तिच्या धारेने टायरला इजा होते आणि अनवाणी पायाला ती बोचते. मूठभर गिट्टी तळहातावर घेऊन पाहावी. बहुतेक तुकडे लांबी, रुंदी आणि जाडी या तिन्ही बाजूंनी साधारण सारखे, ओबडधोबड फाशांसारखे दिसले तर माल चांगला. निम्म्याहून अधिक तुकडे नाण्यासारखे चपटे दिसले तर तो परत करावा.

माप किती असावे

घराच्या वाटेवरच्या वरच्या थरासाठी १२ ते २० मिलिमीटर मापाची गिट्टी सर्वांत सोयीची. ६ मिलिमीटरची बारीक गिट्टी टायरच्या खाचांत आणि चपलांच्या तळव्यांत अडकते. ती रस्त्यावर सांडते, पोर्चमधल्या फरशीवर ओरखडे काढते आणि खराट्याबरोबर पाचोळ्यात निघून जाते. याउलट ४० मिलिमीटरची गिट्टी चालायला त्रासदायक होते. तिच्यावरून लहान मुलाची सायकल किंवा स्वयंपाकाच्या गॅसची टाकी आणणारी हातगाडी नेणे कठीण जाते.

वरचा थर दीड ते दोन इंचांचा पुरतो. 'अजून एक गाडी टाका, भरगच्च दिसेल' हा सल्ला ऐकू नये. थर चार इंचांवर गेला की चाके वाळूत रुतावीत तशी रुततात. दुचाकी उभी करण्याच्या जागी तर एक सपाट फरशी बसवून घ्यावीच, अन्यथा स्टँड गिट्टीत शिरून गाडी आडवी होते. उंबऱ्यासमोर सडा-रांगोळीसाठीही फरशीची एक पट्टी राखून ठेवावी. गिट्टीवर रांगोळी उमटत नाही, ही गोष्ट पुष्कळांना पहिल्या सणाला लक्षात येते.

महाराष्ट्राच्या पोटातले दगड

दगड निवडताना तो कोठून आला हे पाहणे किमतीच्या आणि टिकाऊपणाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. महाराष्ट्राचा फार मोठा भाग काळ्या बसाल्टचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्हारसाचे ते थर होत. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरपासून नागपूरच्या पश्चिमेपर्यंत हाच दगड खडीसाठी फोडला जातो. पूर्व विदर्भात मात्र जमिनीचे पोट बदलते. गोंदिया जिल्ह्यात ग्रॅनाइट, पट्टिताश्म म्हणजे नाइस, क्वार्टझाइट यांसारखे अतिप्राचीन खडक आढळतात. दरेकसा-सालेकसाच्या डोंगररांगा भूवैज्ञानिक ज्याला डोंगरगड समूह म्हणतात त्या पट्ट्यात येतात. त्यातील 'बिजली रायोलाइट' हा ज्वालामुखीतूनच आलेला, पण बसाल्टपेक्षा वेगळ्या घडणीचा खडक आहे. त्याचे वय २०० कोटी वर्षांहून अधिक मानले जाते. रंगात तो गुलाबी, तांबूस तपकिरी ते करडा असतो.

आता एकेका दगडाचे गुणदोष पाहू.

बसाल्ट : कठीण, जड आणि राज्यात बहुतेक ठिकाणी सहज मिळणारा. रंग काळा ते निळसर करडा. टायरचे आणि ऑइलचे डाग त्यावर उठून दिसत नाहीत. दोष एवढाच की विदर्भाच्या उन्हाळ्यात तो फार तापतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या गावी काळ्या गिट्टीवरून अनवाणी चालता येत नाही.

ग्रॅनाइट व नाइस : करडा, गुलाबी, पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचा. यातील क्वार्टझ आणि फेल्डस्पार ही दोन्ही खनिजे पोलादी खिळ्यापेक्षा कठीण असल्याने झीज अत्यल्प होते. रंग ना फार गडद ना फार उजळ, त्यामुळे धूळ आणि पाचोळा लगेच डोळ्यांत खुपत नाही. पूर्व विदर्भातील घरासाठी ही निवड सर्वांत समतोल ठरते.

रायोलाइट : रंगाने देखणा आणि कठीण. मात्र अतिशय बारीक कणांचा असल्यास फुटताना त्याच्या धारदार कपच्या निघतात. चांगला चाळलेला माल मिळाला तरच घ्यावा.

क्वार्टझाइट व पांढरा क्वार्टझ : पांढरा रंग हवाच असेल तर संगमरवराऐवजी याचा विचार करावा. तो अत्यंत कठीण असतो आणि पावसाच्या पाण्याने झिजत नाही.

संगमरवर व डोलोमाइट : दुकानातील पांढऱ्या चिप्स बहुधा याच असतात. मोझेक टाइलमध्ये वर्षानुवर्षे वापरल्या जाणाऱ्या चिप्सही याच वर्गातल्या. दगडांच्या कठीणपणाच्या एक ते दहा या प्रमाणात क्वार्टझ सातवर येतो, तर संगमरवर तीनच्या आसपास आणि डोलोमाइट त्याहून किंचित वर. चाकांखाली या चिप्सचे कंगोरे झिजतात, पांढरी भुकटी सुटते आणि ती पावसात वाहून पोर्चवर थर धरते. सावलीच्या जागी पावसाळ्यात त्यांवर शेवाळ चढून वाट हिरवी-काळी पडते. शिवाय दुपारच्या उन्हात त्यांची तिरीप डोळ्यांना सहन होत नाही. चाक न फिरणाऱ्या कोपऱ्यात त्या शोभतात, वाहनाच्या वाटेवर नाही.

वालुकाश्म : तांबूस, पिवळसर, दिसायला ऊबदार. पण यात चांगले-वाईट फार. कणांची बांधणी पक्की असेल तर टिकतो, कच्ची असेल तर वर्ष-दोन वर्षांत वाळू होते. लोहाचे प्रमाण अधिक असलेला दगड पोर्चच्या पांढऱ्या फरशीवर तांबडे डाग सोडतो.

जांभा : कोकणच्या भिंतींना शोभणारा हा दगड चाकाखाली मात्र भुरभुरतो. अंगणाच्या पायवाटेपुरता ठीक.

रंगवलेल्या चिप्स : निळ्या, हिरव्या, लाल. यांचा रंग दगडाचा नसून वरून दिलेला असतो. ऊन, पाऊस आणि घर्षण या तिन्हींपुढे तो फार काळ टिकत नाही. वाहनमार्गासाठी यांचा विचारच करू नये.

घरच्या घरी पाच चाचण्या

खडीच्या तपासणीच्या प्रयोगशाळेतील पद्धती भारतीय मानक आयएस २३८६ मध्ये दिलेल्या आहेत आणि मोठ्या बांधकामांत त्या वापरल्या जातात. एका घराच्या वाटेसाठी तेवढा खटाटोप कोणी करत नाही. पण दुकानातून दोन-तीन किलो नमुना घरी आणून पुढील गोष्टी सहज पडताळता येतात.

एक, खिळ्याची चाचणी. पोलादी खिळ्याच्या टोकाने दगडावर जोर देऊन ओरखडा काढावा. दगडावर खोल चरा पडला तर दगड मऊ. खिळ्याचीच करडी रेघ दगडावर उमटली आणि ती पुसताच खाली चरा दिसला नाही तर दगड कठीण.

दोन, लिंबाची चाचणी. पांढऱ्या दगडाची थोडी पूड करून तिच्यावर लिंबाच्या रसाचे थेंब टाकावेत. बारीक बुडबुडे आले तर तो संगमरवर, चुनखडी किंवा डोलोमाइट. काहीच झाले नाही तर क्वार्टझ असण्याची शक्यता अधिक. तुकड्यावर रस टाकून भागत नाही. डोलोमाइट पूड केल्याशिवाय सहसा फसफसत नाही.

तीन, बादलीची चाचणी. मूठभर गिट्टी पाण्यात ढवळावी. पाणी किंचित धूसर होणे स्वाभाविक आहे. मातीसारखे गढूळ झाले तर मालात भुकटी आणि माती अधिक आहे, आणि तिचे पैसे आपण दगडाच्या भावाने देणार आहोत.

चार, ओल्या रंगाची चाचणी. दुकानात दगड कोरडा आणि धुळीने माखलेला असतो, किंवा पाणी मारून चकचकीत केलेला असतो. पावसाळ्यातला रंग वेगळा, उन्हाळ्यातला वेगळा. नमुना ओला करून आणि वाळवून, दोन्ही वेळा घराच्या भिंतीशेजारी ठेवून पाहावा. रंग दिलेला माल असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासताच कळते.

पाच, हातोडीची चाचणी. चांगल्या दगडाचा आवाज खणखणीत येतो आणि तो दोन-तीन तुकड्यांत फुटतो. झिजलेला, सडलेला दगड बद्द वाजतो आणि त्याचा भुगा होतो.

दिसत नाही ते महत्त्वाचे

गिट्टी कितीही उत्तम आणली तरी ती थेट मातीवर टाकली तर पहिल्याच पावसाळ्यात माती वर येते आणि दगड खाली जातो. आमच्या घरी नेमके हेच झाले. वाट टिकते ती तिच्या पायावर.

प्रथम आठ इंच खोदून मऊ माती काढावी. काळ्या मातीच्या जमिनीत याहून खोल जावे लागते, कारण ही माती ओली होताच फुगते आणि वाळताच भेगाळते. तळ धुमसाने किंवा छोट्या रोलरने दाबून घ्यावा आणि त्याला घरापासून बाहेरच्या दिशेने किंवा एका कडेला हलका उतार द्यावा. दर दहा फुटांना दोन ते तीन इंच उतार पुरतो. त्यावर जिओटेक्स्टाइल नावाचे जाड, नमद्यासारखे कापड अंथरावे. त्यातून पाणी झिरपते, पण माती वर येत नाही. काही जण पैसे वाचवण्यासाठी प्लास्टिकचा कागद घालतात. त्यामुळे पाणी वरच अडते आणि वाटेचे डबके होते.

कापडावर ४० मिलिमीटरच्या आसपासच्या फोडलेल्या दगडाचा सहा इंचांचा थर द्यावा. तो एकदम न टाकता तीन-तीन इंचांच्या दोन थरांत टाकून प्रत्येक थर दाबून घ्यावा. त्यावर शोभेच्या गिट्टीचा वरचा थर. दोन्ही कडांना दगडी किंवा काँक्रीटच्या पट्ट्या गिट्टीच्या पातळीपेक्षा इंचभर वर येतील अशा पक्क्या बसवाव्यात. कडेची पट्टी नसली तर गिट्टी दर आठवड्याला बागेत आणि रस्त्यावर सापडते.

दर आठ फुटांना फूटभराहून अधिक चढ असलेल्या वाटेवर मोकळी गिट्टी टिकत नाही. तेथे मधमाशांच्या पोळ्यासारख्या खणांची प्लास्टिक जाळी बसवून तिच्यात गिट्टी भरावी किंवा सरळ फरसबंदी करावी.

हिशेब ब्रासचा आणि गोणीचा

पायाचा दगड ब्रासने मिळतो, शोभेची गिट्टी गोणीने. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. गिट्टीचे वजन ब्रासला साधारण ४ ते साडेचार टन भरते. या दोन आकड्यांवर सगळा हिशेब बसवता येतो.

समजा, वाट १० फूट रुंद आणि ३० फूट लांब आहे. क्षेत्रफळ ३०० चौरस फूट. पायाचा थर अर्धा फूट, म्हणजे १५० घनफूट. दाबल्यावर दगड बसतो म्हणून पाचवा हिस्सा वाढवून १८० घनफूट, अर्थात पावणेदोन ब्रासहून थोडे अधिक. वरचा थर दोन इंच, म्हणजे ५० घनफूट किंवा अर्धा ब्रास. वजन सुमारे २१०० किलो. पन्नास किलोच्या ४२ गोण्या, आणि पुढील डागडुजीसाठी चार-पाच जास्त. पहिल्याच वेळी त्या घेऊन ठेवाव्यात. दोन वर्षांनी त्याच खाणीतला तोच रंग मिळेल याची खात्री नसते.

दगडाच्या किमतीत वाहतुकीचा वाटा मोठा असतो. त्यामुळे राजस्थानहून आलेल्या पांढऱ्या चिप्सपेक्षा आपल्या जिल्ह्यातला ग्रॅनाइट बहुधा स्वस्त पडतो. भाव विचारताना माल पोहोचवून आणि उतरवून देण्याचा खर्च त्यात धरला आहे काय, हे आधीच स्पष्ट करून घ्यावे.

पाणी कोठे जाते

काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक सोडून गिट्टी का निवडावी, याचे सर्वांत सबळ कारण पाणी हे आहे. पूर्व विदर्भात वर्षाला सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या उदाहरणातील ३०० चौरस फुटांच्या वाटेवर त्या हिशेबाने वर्षभरात सुमारे ३३ हजार लिटर पाणी पडते. काँक्रीट केल्यास त्यातील बहुतेक पाणी रस्त्यावरच्या गटाराची वाट धरते. मोकळ्या गिट्टीखाली मोकळ्या दगडाचा पाया असेल तर त्याचा मोठा भाग जमिनीत मुरतो. उन्हाळ्यात विहिरी आणि बोअर आटणाऱ्या शहरात ही गोष्ट किरकोळ नव्हे.

मात्र येथे एक तडजोड आहे. पायाच्या दगडात मुरूम किंवा दगडाची चुरी भरून दाबली तर तो अधिक घट्ट होतो, पण पाणी मुरणे कमी होते. केवळ मोटार आणि दुचाकी येणार असेल तर चुरी न भरता मोकळा पाया ठेवावा. वारंवार अवजड वाहन येणार असेल तर भरावा लागतो.

दगड कोणाचा

गिट्टी निवडताना सहसा न विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ती आली कोठून. दगड, मुरूम, वाळू ही कायद्याच्या भाषेत गौण खनिजे आहेत. त्यांच्या उत्खननासाठी परवानगी आणि शासनाला स्वामित्वधन द्यावे लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार विनापरवाना उत्खनन आणि वाहतूक दंडनीय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात पाच हेक्टरहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली. त्यामुळे माल घेताना वाहतूक परवाना मागणे हा ग्राहकाचा संशयीपणा नव्हे, ती त्याची जबाबदारी आहे.

नदीतल्या गोट्यांबाबत अधिक जपावे. नदीच्या पात्रातील गोटे आणि वाळू पाणी धरून ठेवतात, प्रवाहाचा वेग कमी करतात आणि मासे व इतर जलचरांना आसरा देतात. ते उपसून अंगणात आणले की नदीचे पात्र खोल आणि उघडे पडते. वाहनाच्या वाटेला ते योग्य नाहीत, हे आपण पाहिलेच. मग जे कामाचेही नाही ते नदीतून काढायचे कशाला?

सहलीला गेल्यावर 'दोन-चार सुंदर दगड' गाडीच्या डिकीत टाकण्याची सवयही सोडायला हवी. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या व्याख्येत जंगलातील झाडे-पानेच नव्हेत, तर तेथील दगड आणि मातीही वनोपजात मोडतात. परवानगीविना ते उचलणे गुन्हा ठरू शकतो. कचारगडासारख्या ठिकाणी तर प्रश्न कायद्यापुरता उरत नाही. तेथील दगड एका समाजाच्या श्रद्धेचा भाग आहे.

गिट्टी फोडणाऱ्या हातांचाही विचार व्हावा. क्वार्टझ, ग्रॅनाइट, वालुकाश्म यांसारखे दगड फोडताना सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ उडते. ती वर्षानुवर्षे फुफ्फुसांत जाऊन सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार होतो. आपल्या घरी काम चालू असताना तरी गोणी रिकामी करण्यापूर्वी गिट्टीवर पाणी शिंपडावे. दगड यंत्राने कापायचा असेल तर पाण्याच्या धारेखाली कापून घ्यावा आणि मजुरांना धूळ अडवणारे योग्य मास्क द्यावेत. साध्या रुमालाने ही धूळ अडत नाही.

कोणासाठी नाही

सर्व गुण मान्य करूनही मोकळी गिट्टी प्रत्येक घरासाठी नाही. घरात चाकांची खुर्ची वापरणारी व्यक्ती असेल, काठी टेकत चालणारे आजी-आजोबा असतील, तर फाटकापासून दारापर्यंत किमान चार फूट रुंदीची सपाट फरशी हवीच. मोटारीची दोन्ही चाके चालतील असे फरशीचे दोन पट्टे आणि मध्ये व कडेला गिट्टी, अशी रचना पुष्कळ ठिकाणी सोयीची ठरते. खर्च आटोक्यात राहतो, पाणी मुरते आणि पाऊलही स्थिर पडते.

देखभाल फार नाही, पण आहे. महिन्यातून एकदा दाताळ्याने गिट्टी सारखी करावी. पावसाळ्याआधी आणि नंतर तण उपटावे. कडुनिंब किंवा आंब्याखालच्या वाटेवरचा पाचोळा कुजण्याआधी झाडून काढावा, नाहीतर त्याची माती होऊन तिच्यातच तण रुजते. दोन-तीन वर्षांनी राखून ठेवलेल्या गोण्यांतली गिट्टी चाकोरीत भरावी. या वाटेचा एक फायदा तिला पाहरेकरी बनवतो : रात्री कोणी आत आले तर गिट्टी करकरते आणि घरातल्यांना जाग येते.

आमच्या घरच्या वाटेवरून ते पांढरे गोटे आता गेले आहेत. काही तुळशीवृंदावनाभोवती आहेत, काही पागोळ्यांखाली. वाटेवर करडा-गुलाबी ग्रॅनाइट आहे, मधून फरशीची एक पट्टी जाते. आई त्या पट्टीवरून सकाळी तांब्या घेऊन जाते आणि येते. पाहुणे आता वाटेचे कौतुक करीत नाहीत, त्यांचे तिच्याकडे लक्षच जात नाही. वाट नीट झाल्याची याहून मोठी पावती नसावी.